साताऱ्याला गेलेला आल्बम

परवा आमच्या जवळच्या बॉटनी नावाच्या उपनगरातल्या मॉलच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या काचा वर करून, मी एक हार्ड रॉक आल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकला. माझ्या वयाच्या बाईने हे करावं का, हा प्रश्न मला पडला नाही, पार्किंगमधल्या सिक्युरिटीवाल्याला पडला. त्याने काचेवर टकटक करून विचारलं, "यू राइट, लव्ह?" मी म्हटलं, "स्वीट अ‍ॅज," म्हणजे इथल्या भाषेत एकदम मजेत. तो बिचारा निघून गेला. घरीसुद्धा ऐकता आला असता, पण टाकानिनीतली आमची नवी घरं एकमेकांना इतकी खेटून बांधलीत की शेजारच्या जोशांचं बाळ शिंकलं तर मी इकडून "शतायुषी हो" म्हणते. काकूंच्या, म्हणजे माझ्या, घरातून असला आरडाओरडा ऐकू आला असता तर त्या बाळाची आई काळजीने वरणभाताचा डबाच घेऊन आली असती. चांगली मुलगी आहे. पण मला त्या दिवशी कोणाची काळजी नको होती.

बँडचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही लगेच फोनवर शोधाल, अर्धं गाणं ऐकाल आणि म्हणाल, "हे? ह्याच्यासाठी एवढं?" तेव्हा राहू दे. पाच केसाळ माणसं होती, मागे लाल आभाळ आणि मोडका पूल होता, एवढं पुरे. माझे बाबा पुलांच्या गर्डरचं काम करायचे. ते चित्र बघून ते फक्त एवढंच म्हणाले होते, "हा पूल असा मोडणारच नाही. चुकीच्या ठिकाणी मोडलाय."

त्या कामासाठीच आम्ही पुण्याहून आधी ख्राइस्टचर्चला आलो. माझी सातवी झाली होती, तीही मराठी शाळेत. घर लाकडी, बैठं, मागे भलंमोठं अंगण आणि आत अशी थंडी की खोबरेल तेलाची बाटली वर्षातले आठ महिने उलटी केली तरी थेंब पडायचा नाही. पण थंडीचं काही नाही, माणूस दोन स्वेटर घालतो. शांततेवर काय घालायचं? आईचं माहेर साताऱ्याचं. तिथे आजीच्या घराचं दार दिवसा लागलेलं मी कधी पाहिलं नाही. कोणी विरजण मागायला येई, कोणी नुसतंच जाता जाता "झाला का चहा?" विचारून जाई. लग्नानंतर पुण्यातही आईला तसाच शेजार मिळाला होता. आणि इथे? बाबा सकाळी गेले, मी शाळेत गेले, की फ्रिजचा घरघर आवाज आणि आई. संध्याकाळी परत यावं तर तेच दोघं.

आईने हातपाय हलवायचं मात्र सोडलं नाही. तूरडाळ मिळायची नाही म्हणून वाटाण्याच्या डाळीची आमटी, अळू नाही म्हणून सिल्वरबीट नावाच्या पालेभाजीचं फदफदं, उपवासाला आपल्या रताळ्याऐवजी कुमरा नावाचं इथलं रताळं. वसंतात तिथे डोंगरावरून नॉर्वेस्टर नावाचा गरम वारा सुटतो, लोकांची डोकी दुखतात, माणसं उगाच एकमेकांवर खेकसतात. आईला तो वारा भेटला तेव्हा ती आनंदाने म्हणाली, "अगंबाई, हे तर कुरडयांचं ऊन!" आणि दुसऱ्या दिवशी तिने अंगणात चादर अंथरून कुरडया घातल्या. दुपारपर्यंत समुद्रावरचे सीगल आले आणि सगळ्या उचलून घेऊन गेले. आई खिडकीत उभी राहून बघत होती. मी शाळेतून आले तर म्हणाली, "खाल्ल्या मेल्यांनी. आवडल्या असणार." ह्या गोष्टीवर ती हसली नाही. तिला खरंच बरं वाटलं होतं, कोणीतरी तिच्या हातचं खाल्लं म्हणून.

आता कॅसेटचं सांगते, कारण ते समजल्याशिवाय पुढचं समजायचं नाही. साताऱ्याला फोन करायचा म्हणजे आजीच्या शेजारच्या डॉक्टरांकडे, आधी वेळ ठरवून, आणि इतका महाग की "ऐकू येतंय का" म्हणण्यातच संपायचा. आजीला आता बारीक अक्षर दिसत नव्हतं. म्हणून आई कॅसेटवर बोलून पाठवायची. आमच्या घरात ह्याला "कॅसेट भरणे" म्हणत. आई भरायची, पोस्टाने साताऱ्याला जायची, आजी ऐकायची, आणि मग मामा तीच कॅसेट मागे फिरवून त्यावरच आजीचं उत्तर भरून पाठवायचा. एकीचं बोलणं दुसरीच्या बोलण्याने पुसायचं. पाटी असते तशी. जपून ठेवावं असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही, ऐकून झालं की झालं. पार्सल आई मांजरपाटाच्या तुकड्यात शिवायची, जसं आपल्याकडे शिवतात तसं, सुईदोऱ्याने, आणि वर मार्करने पत्ता. इथल्या पोस्टातली बाई ते हातात घेऊन एकदा म्हणाली, "ओह, हाऊ लव्हली, इज इट अ पिलो?"

आई हे दुपारी एकटी असताना भरायची. शेवटी बाबा नुसता नमस्कार सांगायचे आणि मी फक्त "नमस्कार आजी, मी बरी आहे, अभ्यास करते" एवढं म्हणायचे. ती बाकी काय बोलते, ते मी कधी ऐकलं नव्हतं. ऐकावंसं वाटलंही नव्हतं.

माझं काय चाललं होतं? काही नाही. शाळेत मला इंग्रजी वाचता यायचं पण बोलता यायचं नाही, म्हणजे यायचं, पण वाक्य जुळवून होईपर्यंत समोरची मुलगी निघून गेलेली असे. आमच्या वर्गात मागच्या बाकांवर चार जणी बसत, त्यांच्या पेन्सिलींच्या डब्यांवर त्या बँडचं नाव पेनने कोरलेलं. म्हणून शाळेच्या गालामध्ये, म्हणजे जुन्यापान्या वस्तू विकायच्या जत्रेत, मला ती कॅसेट दिसली तेव्हा मी ती उचलली. स्टॉलवरच्या आजीबाई म्हणाल्या, "आर यू शुअर, डिअर?" मला वाटलं, ही माझ्याजवळ असली की त्या चौघी माझ्याशी बोलतील. सोमवारी मी ती बाकावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. त्यातली एक बघून म्हणाली, "ओह, देम," आणि नाक मुरडलं. तोवर त्या चौघी दुसऱ्याच कुठल्या बँडवर गेल्या होत्या.

पण मी ती ऐकली. आमच्या घरात बाथरूमशेजारी गरम पाण्याच्या टाकीचं कपाट होतं. त्यात फळ्यांवर चादरी असायच्या आणि सबंध घरात उबदार अशी तेवढीच जागा. मी बाबांचा टेपरेकॉर्डर घेऊन त्यात शिरले, एका कानाचा इअरफोन घातला, दार ओढून घेतलं. आधी ढोल, मग गिटार असं काही नाही, सगळं एकदम अंगावर आलं. शब्द एक कळत नव्हता. आणि काय सांगू, मला रडू फुटलं, सुखाने. दिवसभर मी तोंडातून काढू शकत नव्हते ते कोणीतरी घसा फुटेपर्यंत ओरडून सांगत होतं, आणि त्याला व्याकरणाची काही पडली नव्हती. चौथं गाणं सगळ्यात भारी. त्यात मधेच सगळं थांबायचं, नुसता श्वास ऐकू यायचा, आणि मग तो असा काही किंचाळायचा की टाकीवरच्या चादरी खाली पडतील असं वाटे. त्यानंतर शाळेतून आले की दप्तर टाकायचं आणि कपाटात. आई विचारायची, "काय झालं शाळेत?" मी म्हणायचे, "काही नाही." दार बंद.

महिनेच्या महिने असे गेले. साताऱ्याची कॅसेट त्या वेळी यायची होती ती आली नाही. आई रोज टपालाच्या डब्यात हात घालून बघायची. आणि एक दिवस मी शाळेतून आले, कपाट उघडलं, तर टेपरेकॉर्डर जागेवर नाही, कॅसेटही नाही.

आई स्वयंपाकघरात टेबलाशी बसून पार्सल शिवत होती.

"आई, माझी कॅसेट कुठाय?"

"कुठली? ती होय? ती मी घेतली. आजीची आलीच नाही गं अजून, हरवली वाटतं पोस्टात. तिकडे ती जीव टांगणीला लावून बसली असेल."

"घेतली म्हणजे?"

"म्हणजे भरली." आईने दोरा दाताने तोडला. "कोणी पुसू नये म्हणून वर भोकं ठेवलेली असतात ना, त्यात कागदाचा बोळा घातला आणि चिकटपट्टी लावली. मामानेच शिकवलं होतं. छान भरली गेली."

"अगं, विकतची होती ती! त्यात गाणी होती माझी!"

"हो, पण रोज तेच ते ऐकतेस ना?" आई अगदी सरळपणे म्हणाली. "आता पाठ झालं असेल की."

ह्यात तिचा काही आडमुठेपणा नव्हता, हे मला आज कळतं. ती ज्या घरात वाढली तिथे असंच होतं. पाढ्यांचं पुस्तक पाठ झालं की धाकट्याला द्यायचं, स्तोत्र पाठ झालं की पोथी शेजारणीला. पाठ झालेली वस्तू अडवून ठेवायची कशाला? पण त्या वेळी मला हे सुचलं नाही. मी थयथयाट केला. "तू माझी एकुलती एक गोष्ट पुसलीस," असं काहीतरी मी मराठीत आणि इंग्रजीत मिळून किंचाळले, आणि तिच्या हातातून ते पार्सल हिसकावलं, कात्रीने टाके कापले, आणि उरलंय तरी किती ते बघायला कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घातली.

इथे एक सांगूनच टाकते. परवा गाडीत ऐकताना ती पहिली तीन गाणी, जी आईने पुसली, ती तद्दन भिकार निघाली. खरंच सांगते. पहिल्यात तो एकच ओळ घोळवत बसतो, दुसरं कुठूनतरी उचललेलं वाटतं, आणि तिसऱ्यात कोणीतरी बासरीसारखं काहीतरी वाजवतं आणि थांबतच नाही. ह्यांच्यासाठी मी आईवर कात्री उगारली होती म्हणायचं! पण तेरा वर्षांच्या मुलीला चांगलं-वाईट कुठलं कळायला? तिला फक्त आपलं आणि दुसऱ्याचं कळतं.

मी बटण दाबलं. पहिल्या गाण्याच्या जागी आईचा आवाज आला, पण तो आमच्या घरातला आवाज नव्हता. मोकळा, हसरा, साताऱ्याच्या ओट्यावरचा. "आई गं, काय सांगू तुला," ती म्हणत होती, "शेजारीण इतकी छान मिळालीये, मार्गारेट नाव. रोज चारला चहाला येते. माझ्या पोह्यांवर तर तिचा जीव." मार्गारेट आमच्या दारात एकदाच आली होती, तिचं हरवलेलं मांजर दिसलं का विचारायला. "आणि मी गाडी शिकतेय बरं का. परवा समुद्रापर्यंत चालवली, हे शेजारी बसून नुसते बघत राहिले." आई बसमध्येसुद्धा चुकीच्या स्टॉपवर उतरू या भीतीने एकटी बसायची नाही. "वैशूच्या वाढदिवसाला घर भरून मैत्रिणी. श्रीखंड पुरलं नाही बाई, शेवटी भांडं चाटत बसल्या पोरी." माझ्या वाढदिवसाला आम्ही तिघंच होतो आणि श्रीखंड चार दिवस खात होतो.

मी बंद करायला हात पुढे केला तेवढ्यात ती म्हणाली, "वैशूचं विचारशील तर शाळेतून आली की माझ्या मागे मागे असते. इतकं बोलत बसतो ना आम्ही दोघी, की चुलीवर आमटी करपते, शपथ."

मग कटक असा आवाज झाला आणि चौथं गाणं सुरू झालं. तो केसाळ माणूस ओरडायला लागला. आम्ही दोघी दचकलो. मी बटण दाबून ते बंद केलं. आई हातात सुई घेऊन ओट्याला टेकून उभी होती. बघत खाली होती.

"हे सगळं खोटं आहे," मी म्हटलं.

"माहितीये मला. मीच बोललेय ना?"

"पण का?"

"खरं सांगून करू काय?" आई म्हणाली. "ती तिकडे, मी इकडे. ती यायची आहे का साताऱ्याहून माझ्याशी गप्पा मारायला? नुसती रडत बसेल. त्यापेक्षा मार्गारेट बरी." आणि मग, "बाबांना सांगू नकोस. त्यांना वाईट वाटेल, आपण आणलं म्हणून."

माझा राग कुठे गेला कोण जाणे. त्याच्या जागी भीती आली. आई एकटी आहे, माझ्याइतकीच, किंबहुना माझ्याहून जास्त, आणि ती दिवसभर ह्या टेबलाशी बसून एक सुखी बाई तयार करते, हे मला कळलं, आणि ते कळलेलं मला मुळीच आवडलं नाही. आईने रागवावं, स्वयंपाक करावा, आईला असं काही होऊ नये. म्हणून तोंडाला आलं ते बोलले.

"मार्गारेटला पोहे आवडत नसणार. तिला मिरची झेपायची नाही. आजी लगेच ओळखेल."

आईने मान वर केली. "मग काय सांगू? साबुदाण्याची खिचडी?"

"त्यातही मिरची. थालीपीठ सांग, लोण्याबरोबर."

"लोणी बाकी इथलं चांगलं असतं," आई म्हणाली.

"आणि नुसतं 'मैत्रिणी' नको म्हणू. नावं हवीत. कॅरन आणि जूली." कॅरन आणि जूली मागच्या बाकावरच्या होत्या. "जूलीला मराठी शिकायचंय असं सांग."

"ते जरा जास्त होईल."

"बरं, तिला नमस्कार म्हणता येतो एवढंच."

आई खुर्चीवर बसली. मीही बसले. भोकांतला कागदाचा बोळा नीट आहे ना ते मी बघितलं, चिकटपट्टी अंगठ्याने दाबली. आईचं बोलणं संपलं होतं तिथे कॅसेट आणून मी तिला विचारलं, "भरू?" आणि तिने मान हलवल्यावर भरायची दोन्ही बटणं मीच एकदम दाबली. पुढे चौथं गाणं होतं हे मला ठाऊक होतं. दाबताना जिवावर आलं, खोटं कशाला बोलू. पण मी दाबली. आणि मग आम्ही दोघी आजीला सांगत सुटलो. जूलीचं घर, कॅरनचा कुत्रा, मार्गारेटच्या मुलीचं ठरत आलेलं लग्न. मी बोलायचे, आई भर घालायची, मधेच एकीला हसू आवरायचं नाही की दुसरी गंभीरपणे सांभाळून घ्यायची. आई इतकी विनोदी बाई आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं. मार्गारेटच्या होणाऱ्या जावयाला तिने तोतरं केलं, आणि तो "आय डू" म्हणायला किती वेळ लावेल ह्याची नक्कल केली, तेव्हा मी टेबलाखाली जाऊन हसले. बाबा आले ते नाकाला रुमाल लावूनच. "अरे, काय जळतंय?" आमटीचा पार कोळसा झाला होता. त्या दिवशी बाबांनी टोस्ट आणि लोणचं खाल्लं आणि आम्ही का हसतोय ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

पार्सल मी परत शिवलं. आईचे टाके बारीक, माझे बैलाच्या झुलीसारखे. आई म्हणाली, "राहू दे, आजीला कळेल कोणी शिवलं ते."

त्यानंतर कपाटात बसायला माझ्याकडे काही नव्हतं. मग मी स्वयंपाकघरात बसायला लागले. पुढच्या खेपेला काय सांगायचं ह्याचा मालमसाला आम्ही रोज जमवायचो. मार्गारेटच्या मुलीचं लग्न झालं, जावई सुधारला, कॅरनच्या कुत्र्याला पिल्लं झाली. आज मला राहून राहून आश्चर्य वाटतं ते एकाच गोष्टीचं. खरी मार्गारेट कुंपणापलीकडे राहत होती. तिच्या घरात दिवा दिसायचा. तिलाच एकदा थालीपीठ खायला बोलवावं, हे आम्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात कधी आलं नाही. आम्हाला आमची मार्गारेट पुरत होती.

माझी मुलगी सई मेलबर्नला असते. रविवारी फोन करते. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत. "ऑल गुड, मम्?" "हो गं, मस्त चाललंय. जोशांकडे जेवायला होते, मग लायब्ररीतल्या ग्रुपबरोबर फिरायला गेले." जोशांकडे मी शेवटची गणपतीत गेले होते. लायब्ररीत ग्रुप आहे, पण त्यात मी नाही. सईचे बाबा गेल्यापासून रविवार फार लांब होतो, हे तिला सांगून काय करू? तिला तिकडे नोकरी, घर, सगळं आहे. ती म्हणते, "ऑसम, मम्," आणि मी म्हणते, "बाय बेटा." असं आमचं चांगलं चाललेलं असतं.

आम्ही दोघींनी भरलेली ती कॅसेट साताऱ्याहून परत आली तेव्हा हिवाळा सुरू झाला होता. मी शाळेतून येईपर्यंत आई थांबली होती, एकटीने ऐकली नाही, हे मला फार मोठं वाटलं. आम्ही हीटरसमोर बसलो. आजी म्हणाली, "तुमची कॅसेट पावली. ऐकून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. त्या मार्गारेटला माझा नमस्कार सांगा. आणि काय गं, तुमचं बोलणं संपल्यावर तो कोण एवढा केकाटतोय? सकाळपासून जेवायला घातलं नाही का त्याला कोणी? मामा बंद करत होता, मी म्हटलं राहू दे रे, पोरींच्या घरातला आवाज आहे. शेवटपर्यंत ऐकलं मी." मी हसून लोळले. मग आजी म्हणाली, "माझी काळजी करू नका. मी ठणठणीत. रोज सकाळी चालत देवळात जाते, येताना भाजी आणते." असं बरंच काही सांगून तिने "सुखात राहा गं" म्हटलं आणि थांबली. तिचं बोलणं आमच्यापेक्षा लहान होतं, म्हणून त्यापुढे आमचंच उरलेलं, मी खिदळतेय आणि आई सांभाळून घेतेय, ते आलं, आणि मग अर्ध्यातून चौथं गाणं. परवा गाडीत चौथं गाणं मध्यावर आलं तेव्हा माझा कान त्या कटक आवाजाची वाट बघत होता. तो आला नाही. गाणं सबंध वाजलं, तो श्वास घेण्याच्या जागी थांबला, किंचाळला, सगळं जसंच्या तसं. गाणं अजूनही भारी आहे. पण मला एवढं एकटं कधी वाटलं नव्हतं, चारी बाजूंना माणसं ट्रॉल्या ढकलत असताना.

त्या कॅसेटचं पुढे काय झालं ते आधीच सांगते. आम्ही उत्तर भरून पाठवलं आणि ते वाटेत असतानाच आजी गेली. बाबांच्या ऑफिसात फोन आला. आईला जाता येणं शक्यच नव्हतं. पार्सल साताऱ्याला पोचलं ते तेराव्यानंतर. मामाने ते उघडलं का, ऐकलं का, की तसंच कुठे ठेवून दिलं, हे आईने त्याला कधी विचारलं नाही आणि आता आईही नाही, मामाही नाही. पण मला जे सांगायचंय ते ह्याच्या आधीचं आहे, त्या हिवाळ्यातल्या दुपारचं, आजीची कॅसेट नुकतीच ऐकून झाली होती तेव्हाचं.

मी अजून हसतच होते. आई हसत नव्हती. तिने कॅसेट मागे घेतली आणि "रोज सकाळी चालत देवळात जाते" हे पुन्हा लावलं. मग पुन्हा.

"खोटं बोलतेय," आई म्हणाली.

"कोण? आजी?"

"झोपून बोलतेय ती. ऐक ना, आवाज खालून येतोय. आणि पाटल्या वाजल्या नाहीत एकदाही. आई हात हलवल्याशिवाय बोललीये का कधी आयुष्यात?"

मी ऐकलं. खरंच, नुसता आवाज होता. त्याच्याभोवती दुसरं काही वाजत नव्हतं.

"मग आपलं खोटंसुद्धा तिला कळलं असेल?" मी विचारलं.

"न कळायला काय झालं. मला तिनेच वाढवलंय."

आईने उठून तोंडावर पाणी मारलं, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "चल. भरून टाकू."

"आई, ही ठेवून देऊ या," मी म्हटलं. "बाबांना नवीन आणायला सांगू. ह्यावर भरलं तर आजीचं पुसून जाईल."

"नवीन पाठवली तर तिला कळेल, आपण तिची ठेवून घेतली म्हणून. कशासाठी ठेवून घेतली, तेही कळेल." आईने कॅसेट मागे फिरवायला लावली. "नेहमीसारखंच व्हायला हवं गं. काही झालंच नाही असं."

कॅसेट फिरत फिरत सुरुवातीला येऊन थांबली. मी बटणांवर बोटं ठेवली पण दाबवेना. तेव्हा आईने तिची बोटं माझ्या बोटांवर ठेवली आणि दोन्ही बटणं खाली गेली. ती बोलायला लागली, मोकळी, हसरी, ओट्यावर बसल्यासारखी, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं ते तिने आवाजात येऊ दिलं नाही.

"आई, तुझी कॅसेट पावली. तू रोज चालत देवळात जातेस हे ऐकून जिवाला फार बरं वाटलं. आमचं इकडे सगळं छान चाललंय. मार्गारेट आत्ताच चहा पिऊन गेली. आणि ही बघ, वैशू इथेच बसलीय, माझ्याजवळ."

त्यातलं तेवढं खरं होतं.